तात्याचं लोखंड

तात्या खोत भेटला की आधी खिशातून चमचा काढायचा. बोलणं नंतर. जिन्याचा कठडा, पाण्याचा पाइप, माझ्या सुनेचा कुकर, समोर येईल त्यावर एक टोला आणि कान पुढे. मग निकाल : "कच्चं आहे." आमच्या अनिलनं नवी गाडी घेतली, तर बॉनेटवर चमचा वाजवून म्हणाला, "कच्चं आहे." अनिल आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही.

ही ब्रुकलिनमधली गोष्ट, शहाऐंशी-सत्याऐंशीची. माझी बायको हिरा गेली आणि अनिलनं, माझ्या मुलानं, मला उचलून अमेरिकेत आणलं. मी चौथी शिकलेला, जन्म एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून गेला. इंग्रजी शून्य. सकाळी सगळे कामावर गेले की घरात मी आणि भिंती. खालच्या मजल्यावर एक मराठी माणूस निघाला, तो हा असला.

तात्या रत्नागिरीकडचा. बोटीवर खलाशी होता. बोट न्यूयॉर्कला लागली, हा उतरला, बोट गेली. "चुकून राहिलो रे," म्हणायचा. चाळीस वर्षं चुकून!

आमच्या गल्लीत सगळी त्रिनिदादची माणसं. सप्टेंबर लागला की त्यांचा कार्निवल. तेलाची पिंपं कापून, ठोकून वाद्यं करतात, त्यांचा बँड. त्यात तात्या मोटारीचा ब्रेक ड्रम दोन सळ्यांनी बडवायचा. त्याला ते लोखंडच म्हणतात. आणि दर चार-पाच टोल्यांनी हा मागे पडायचा. बँडचा म्होरक्या ओरडायचा, "टाट्या, यू लेट अगेन!" वीस वर्षं ओरडत होता. ना तो थांबला, ना हा सुधारला.

त्या वर्षी महिनाभर आधी तात्यानं मला ड्रम दाखवला. चांगला ड्रम घंटेसारखा बोलतो, तडा गेलेला खोकतो. मी हातोडीनं एक टोला दिला आणि म्हटलं, "भंगारात दे. तडा गेलाय."

तात्या मटकन खालीच बसला.

"पुन्हा वाजव, डेपोवाल्या."

"शंभरदा वाजवला तरी मेलेला मेलेलाच."

मला तोंडावर बोलायची सवय. पण त्याचं तोंड बघून मी हातोडी ठेवली. मग त्यानं सांगितलं. आयव्ही म्हणून त्याची शेजारीण होती. "चहा बरा करायची," एवढंच. आता तिला काही आठवत नाही. भाच्यानं तिला म्हाताऱ्यांच्या आश्रमात ठेवलंय. तात्या दर रविवारी जातो, ती दर रविवारी विचारते, आपण कोण? मात्र कार्निवलच्या रात्री बँड त्या आश्रमावरून जातो. नर्सा म्हाताऱ्यांना खिडकीत बसवतात. लोखंड ऐकलं की आयव्ही टॉवेल हलवून हाक मारते.

"वर्षातून एकदा तिला माझं नाव येतं रे. या आवाजानं."

आम्ही तीन भंगारवाले पालथे घातले. दुकानदार आमच्याकडे वेड्यासारखे बघायचे : एक म्हातारा हातोडी मारतोय, दुसरा चमचा. शेवटी एक ड्रम सापडला, अगदी त्याच बोलीचा. तात्या पहिल्यांदा म्हणाला, "पक्कं आहे." मग मी त्याला तळघरात बसवून ताल घटवून घेतला. एक, दोन, तीन, चार. कार्निवल येईपर्यंत गडी घड्याळासारखा वाजवायला लागला. मला फार अभिमान वाटला.

आणि ती रात्र. पहाटेचे तीन, आणि रस्त्यावर मुंगीला वाट नाही. अंगभर चिखल फासलेली माणसं, शिंगं लावलेली निळी भुतं, आजीच्या वयाच्या बाया कमरेवर हात ठेवून नाचतायत. चाकाच्या गाड्यांवर पिंपं, माणसं ढकलतायत, पोरी वाजवतायत. जन्मभर मी असल्या पिंपांतून तेल काढलं, ती अशी गातात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आवाज कानात नाही, छातीत शिरत होता. माझे खोटे दात वाजायला लागले. एका दांडग्या बाईनं हसत माझ्या दोन्ही गालांना चिखल लावला. हिरा गेल्यापासून माझ्या गालाला कुणाचा हात लागला नव्हता. मी तोंड उघडं टाकून उभाच राहिलो. तात्यानं ढोसलं, "चल, आश्रम आला."

तिसऱ्या मजल्याची खिडकी. आयव्ही बसलेली, टॉवेल मांडीवर. तात्या वाजवायला लागला. घंटेसारखा आवाज, एक ठोका चुकला नाही. म्होरक्यानं खूश होऊन अंगठा दाखवला.

आयव्ही दुसरीकडेच बघत होती.

तात्या आणखी जोरात वाजवू लागला. घाम, चिखल, सगळं एक झालं. टॉवेल हलेना. बँड पुढे सरकू लागला.

आणि मला माझी सायकल आठवली. तिची चेन कुरकुरायची. हिराला ती गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायची आणि मी पोचायच्या आत दार उघडं. एकदा मी चेनला तेल घातलं. त्या दिवशी दार बंद होतं.

"तात्या, मोजू नकोस!" मी ओरडलो. "चुकव!"

"काय?"

"नेहमीसारखा वाजव, गाढवा!"

आधी त्याला चुकता येईना. मी घटवलं होतं ना! मग एक ठोका मागे पडला. चार गेले, पुन्हा एक. पुढून म्होरक्या बोंबलला, "यू लेट अगेन!"

वर टॉवेल हलला. आधी जरासा, मग खिडकीबाहेर. "टाट्याऽ! टाट्याऽ!"

बँड वळणापलीकडे गेला. तात्या तिथंच उभा, वर बघत, चुकत चुकत वाजवतोय.

"शेजारीण आहे," तो मला म्हणाला.

मी काही विचारलं नव्हतं.