गमबुटातला पाहुणा

नेव्हिलच्या कुरणावर पाणी मारणारा लोखंडी हात एवढा लांब होता, की त्याच्या एका टोकाला ऊन असायचं तेव्हा दुसऱ्याला पाऊस. पण गोल फिरता फिरता तो कोपऱ्यातल्या कानुकाच्या झाडांपाशी अडायचा आणि आल्या वाटेनं परत फिरायचा. न्यूझीलंडमधल्या कँटरबरीच्या त्या माळावर आमच्या बाजूला मूळचं रान उरलं होतं ते तेवढंच. नेव्हिलला ते तोडायचं होतं. मात्र कीटकतज्ज्ञ नायरीबाईंनी तिथे जमिनीत पेले पुरून ठेवले होते. दुर्मिळ काळा भुंगेरा त्यांत पडला, तर रानाला हात लावायची सोय उरणार नव्हती.

तपासणीच्या सकाळी बाईंच्या आधी नेव्हिलच रानात जाऊन आला. एका पेल्यात अंगठ्याएवढा भुंगेरा रागानं बघत बसला होता. त्याला मारायचा धीर होईना. नेव्हिलनं तो टोपीत घालून घरी आणला, मागच्या दारातल्या जुन्या गमबुटात सोडला आणि वर मोजा कोंबला.

बाई आल्या, रिकामे पेले बघून हिरमुसल्या आणि चहाला थांबल्या. रीतीप्रमाणे बूट दाराबाहेर काढले. चहा होईतो पावसाची सर येऊन ते भिजले.

"ओले कशाला घालताय," नेव्हिलची बायको नोएलीन म्हणाली, "हे न्या." तिनं मोजा उपसून गमबूट पुढे केला.

नेव्हिल हातातला स्कोनचा पाव बशीत टाकून उठला.

बाईंनी पाय आत घातला आणि तसाच बाहेर काढला. म्हाताऱ्यानं जुनं मत धरून ठेवावं तसा भुंगेरा अंगठा धरून लोंबत होता. बाई दुखणं विसरून हरखल्या. "हाच तो. नेव्हिल, हे बूट घालून कुठे गेला होतात?"

"ते होय? लाकडं फोडायला. परसातल्या ढिगापलीकडे त्यांनी जग पाहिलेलं नाही."

"मग त्या ढिगातलं ढलपंसुद्धा हलवू नका. अभ्यास व्हायला दोन-तीन हिवाळे जातील."

नोएलीननं लाकडावर चालणाऱ्या शेगडीकडे पाहिलं. "चालेल की. नेव्हिलला तशी थंडी वाजत नाही. आंघोळही गार पाण्यानं करेल."

खिडकीतून डोंगरावरचा पहिला बर्फ दिसत होता. नेव्हिलनं तो पाहिला, मग ढीग पाहिला.

"आत्ता आठवलं," तो पुटपुटला, "रानात गेलो होतो खरा. हेच घालून."

रान वाचलं. लोखंडी हात अजून तिथून मुकाट परत फिरतो.

बाई गेल्यावर नेव्हिल म्हणाला, "दारात बुटांचे एवढे जोड. तुला नेमका तोच सापडला?"

नोएलीन कपबश्या विसळत होती. "मोजा कोंबलेला बूट मी लग्नाच्या वर्षापासून तपासते. एरवी आत व्हिस्की असते. आज आतलं चालत होतं."