जवाईबापूंच्या गाडीला एरंडेल

जवाईबापू जेवून आडवे झाले, आणि मी ठरवलं की तेवढ्यात त्यांची मोटरसायकल पुसून द्यावी. बस, एवढंच ठरवलं होतं. माणसानं दुपारी जेवल्यावर काही ठरवू नये, झोपावं.

धीरज, म्हणजे आमच्या ज्योत्स्नाचा नवरा, गाडीला फार जपतो. सीटला नवं कव्हर, लेगगार्डला गुंडाळलेली रंगीत दोरी, हँडलला मोबाईल अडकवायचा चिमटा. पोरीला त्यानं काय काय घेऊन दिलं ते मला माहीत नाही, पण गाडीला काही कमी नाही.

मी आधी टाकी पुसली. मग आरसे. मग गाडी सावलीत घ्यावी म्हणून ढकलली, तर समोरच्या चाकातून आवाज आला. चीऽऽ कर्र. चीऽऽ कर्र.

आता माझा जन्म गेला बैलबंडीवर. कुरकुरणारं चाक म्हणजे मालकाच्या नावाला बट्टा. आमच्या काळी अशी बंडी गावात शिरली की लोक म्हणत, "आला पाहा आळशी." माझा जवाई आळशी म्हणवून घेईल, हे मला कसं पटावं? मी खाली बसलो (उठताना त्रास होतो, बसताना होत नाही). चाकाच्या मधोमध एक लोखंडी चकती होती, आणि तिला झाऱ्यासारखी भोकं. मी पुष्कळ वेळ विचार केला. मी विचार सावकाश करतो, पण एकदा केला की पक्का. लोखंडाला भोकं कशाला असतील? तेल जिरायला. दुसरं काय! कंपनीवाल्यांच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं.

घरात एरंडीच्या तेलाची बाटली होती. चिंधी बुडवून मी ती चकती दोन्ही अंगांनी घासली. एकेका भोकात बोट घालून तेल भरलं. मग गाडी ढकलून पाहिली. मांजर चालल्यासारखी गेली. आवाज म्हणून नाही.

चहा पिऊन जवाईबापू आमच्या धुरपताला, म्हणजे आपल्या सासूला, घेऊन सेवाग्रामला निघाले. तिला दवाखान्यात डोळे दाखवायचे होते.

"मामाजी, गाडी चमकून राह्यली ना! काऊन तरास घेतला?"

"तरास कायचा, बापू," मी म्हणालो. तेलाचं बोललो नाही. केलेलं काम सांगत फिरू नये.

धुरपता एका अंगानं मागं बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि मला म्हणाली, "घरातल्या कोनत्या वस्तूले हात लावू नोका." (वस्तू घरातली नव्हती, हे मी नमूद करतो.)

ते गेले आणि शेजारचा प्रेमदास आला. प्रेमदास गाड्या दुरुस्त करतो. मला राहवलं नाही, सांगून टाकलं.

"तेल कुठं लावलं म्हनता, बाबाजी?"

"चकतीले. भोकाभोकात भरलं."

प्रेमदास तोंडातला तंबाखूचा खर्रा चघळायचा थांबला. "अवो, तो ब्रेक होय!"

"ब्रेक तं पायात राह्यते."

"तो मांगचा. हा समोरचा. त्या चकतीले दोन गुटके चिमट्यासारखे धरते, तवा गाडी थांबते. तेल लावल्यावर धरन काय?"

"मंग गाडी थांबन कशी?"

"थांबते ना," प्रेमदास म्हणाला. "कशाले तरी धडकून."

फोन लावला. वाजत राहिला. जवाईबापू गाडी चालवताना फोन उचलत नाहीत. या एका गुणासाठी मी त्यांना पोरगी दिली होती, आणि आता त्याच गुणानं मी विधुर होणार होतो.

प्रेमदासनं स्कूटर काढली. मी मागं बसलो. बंडीवर बसणाऱ्या माणसाला स्कूटरवरून रस्ता असा दिसतो, जणू कोणी पायाखालची चटई ओढून राहिलं आहे. प्रत्येक ट्रक मला धुरपताच्याच दिशेनं चाललेला वाटत होता. मी मनात म्हणालो, ती धडधाकट सापडू दे, मी खर्रा सोडतो. मनात म्हणालो असं वाटलं, पण मोठ्यानं म्हणालो असेन.

"कायमचा का?" प्रेमदासनं विचारलं.

"आदी सापडू दे. मंग पाहू."

एका वळणावर गर्दी दिसली. स्कूटर थांबायच्या आधीच मी उतरायला गेलो आणि प्रेमदासनं मला बंडीच्या जुवासारखं दाबून धरलं. गर्दी उसाच्या रसाची होती. पुढं रस्त्यात एक चप्पल पडलेली.

"धुरपताची!" मी ओरडलो.

"बाबाजी, लेकराची होय ते. बोटभर हाय."

माझे डोळे भरून आले होते, चप्पल मला मोठीच दिसत होती. या बाईनं माझ्या हातच्या चुका जन्मभर निस्तरल्या, आणि ही एक अशी केली की निस्तरायला तीच उरणार नाही.

आणि मग ते दिसले. समोर, रस्त्याच्या कडेकडेनं. सासू मागं बसली म्हणून जवाईबापू इतके हळू चालले होते की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढं निघून गेला. दोघं निवांत गोष्टी करत होते. मी स्कूटरवर उभा राहिलो आणि सगळा जीव घशात आणला.

"थांबाऽऽ! जवाईबापू, थांबाऽऽ! ब्रेक नोका मारूऽऽ!"

जवाईबापूंनी वळून पाहिलं. सासरा स्कूटरवर उभा राहून बोंबलतो आहे, म्हणजे घरी कोणी गेलं, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी सगळ्या बोटांनी ब्रेक दाबला. एरंडेलानं आपलं काम केलं. पायाचा ब्रेक त्यांना आठवेपर्यंत गाडी रस्ता सोडून शेतात उतरली आणि सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात शिरली. धुरपता कमरेपर्यंत दिसेनाशी झाली.

मी डोळे मिटले. मग आतून शिव्या ऐकू आल्या. स्वच्छ, एकेक शब्द वेगळा. माझा जीव भांड्यात पडला.

शेतातल्या बाया धावल्या, दोघांना ओढून काढलं. खरचटलंसुद्धा नव्हतं. जवाईबापू कपडे झटकत म्हणाले, "मामाजी, मामीजी मांगं असल्या का मी समोरचा ब्रेक मारतच नाई. झटका बसते त्यायले. पायाच्याच ब्रेकवर आलो ना इथवर. तुमी हाका मारल्या म्हनून दाबला."

मग त्यांचं लक्ष चकतीकडं गेलं. तेलावर कुटार चिकटून तिचा अनारसा झाला होता. त्यांनी बोट लावलं, वास घेतला, आणि माझ्याकडं पाहिलं. धुरपतानंही पाहिलं. वास तिच्या ओळखीचा होता.

एका शेतकरिणीनं विचारलं, "बाई, हा चिल्लावत आलेला बुढा कोन होय वं?"

धुरपतानं केसातली एक काडी काढली. "मले का मालूम. जवाईबापू, तुमी ओयखता?"

जवाईबापूंनी गाडीकडं पाहिलं. "नाई, मामीजी."

मी आशेनं प्रेमदासकडं वळलो. त्यानं स्कूटर चालू केली होती.

"म्या तं रस्त्यात लिफ्ट देल्ली यायले," तो म्हणाला.