बुधीमावशीची निर्गुडी

बुधीमावशी नाडी बघत नाही, पिशवी बघते. तिच्याकडे झाडपाल्याचं औषध मागायला गेलात, की आधी डॉक्टरच्या सगळ्या गोळ्या फरशीवर मांडायच्या. ती एकेक पाकीट कानाशी धरून हलवते, हुंगते आणि विचारते, "ही कशाची?" वाचता येत नाही, पण एक जरी गोळी घरी राहिली तरी तिला कळतं. कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

ती आमच्या वर, सातव्या मजल्यावर राहते. अंबाडी गावाच्या पलीकडच्या पाड्यावरची. मुलाला काल्हेरला गोदामात ड्युटी लागली, त्याने आईला इथे आणलं. मीही गोदामातच, पार्सलं तपासायला. आठ तास उभं राहायचं. उजवा गुडघा संपावर गेला तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, बसून काम हवं असेल तर दुसरीकडे बघा." डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, फरक पडत नव्हता. म्हणून मावशीकडे गेले.

मी भोळी नाही. जायच्या आधी कागदावर प्रश्न लिहिले होते. औषधात काय आहे, किती दिवस, पोटात की वरून, माझ्या बीपीच्या गोळीबरोबर चालेल का. कागद पर्समधून निघालाच नाही. सगळं तिनेच विचारलं.

"डाक्टरला सांगितलं का, बुधीकडं जाते म्हनून?"

"नाही."

"मंग सांगून ये. चोरून आलेल्या मानसाला मी पाला देत न्हाय."

दुसऱ्या रविवारी सांगून गेले. तिने एक पान हातात दिलं. "हा त्याला दाखव. पोटात कायच देनार न्हाय, गोल्या चालू हायेत तुझ्या. वरून बांधायचा." डॉक्टर म्हणाले, निर्गुडी आहे, बांधा. कातडी लाल झाली तर काढा आणि गोळ्या बंद करू नका.

माझ्या मते विषय संपला. खरा गोंधळ तिथून सुरू झाला.

तिसऱ्या रविवारी मावशी म्हणाली, "आज न्हाय. अमुशा हाय." चौथ्या रविवारी पाला रुसला होता. पाचव्या रविवारी मीच गोदामाच्या कुंपणालगतची निर्गुडी तोडून नेली. म्हटलं, ही घ्या, पण बांधा एकदाची. तिने हुंगून बाजूला ठेवली. "ही ट्रकच्या धुरात वाढली. हिला सोताचाच खोकला हाय." सहाव्या रविवारी पुन्हा गोळ्या मांडायला लावल्या. त्या एव्हाना तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होत्या.

कोरा चहा मात्र दर वेळी. आणि प्रश्न, तेही गुडघ्याचे नाहीत. "लिफ्ट बंद पडली तं आतला मानूस जेवतो काय? ह्ये समोरचे जित्ते हायेत का?"

"कामाला जातात ते, मावशी."

"मंग आयतवारी? दार वाजवलं तं भोकातून बघतात न् परत जातात."

सातव्या रविवारी मी चिडले. "मावशी, द्यायचं नसेल तर तसं सांगा. सोमवारी मला उभं राहायचंय."

ती उठली आणि बाल्कनीतून टोपली घेऊन आली. काठोकाठ निर्गुडी, ताजी. मुलगा दर शनिवारी गावाकडून आणत होता म्हणे. दर शनिवारी! तिने पाला तव्यावर गरम केला, गुडघ्यावर ठेवला, जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधला. उरलेला पुडक्यात दिला.

"पाच दिस बांध. लाल झालं तं सोड. आता ऐक. आमच्या घरान्याचा नेम हाय. पाला दिला का मानसानं आभार मानायचे न्हाय, मागं बघायचं न्हाय, न् परत ह्या दारात यायचं न्हाय. आलं तं दुखनं परततं. यायचं तं नवं दुखनं घेऊनच. जा बाय."

मी मागे न बघता निघाले. लिफ्टने सहाव्या मजल्यावर उतरले, कुलूप उघडलं, आत गेले, तरी वरचं दार लागल्याचा आवाज आला नाही.

गुडघा बऱ्यापैकी हलका झाला. निर्गुडीने की गोळ्यांनी, कोण जाणे. शिफ्ट निघते, मला तेवढं पुरे.

पुढच्या रविवारी मेथी निवडायला बसले. अर्धी जुडी निवडून झाली आणि उठलेच. गोळ्यांची पिशवी घेतली आणि वर गेले.

दार उघडंच होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग उजव्या गुडघ्याकडे. तिचा चेहरा उतरला. "नेम मोडलास?"

"नाही मावशी. आता डावा दुखतोय."

तिने डावा गुडघा दाबला. वाकवला, सरळ केला. त्याला काहीही झालेलं नाही, हे तिला पहिल्या बोटालाच कळलं असणार. तरी बराच वेळ दाबत राहिली.

"लई वाईट हाय," ती शेवटी म्हणाली. "ह्याला लई आयतवार लागतील. मांड गोल्या."