ला. आ., ला. गे.

“ह्या घरात शेळीला कुणी इचारना, म्हातारीला कुणी इचारना. पाण्याच्या हिरीला मातर दोन-दोन तासाला इचारतेत, कशी हायेस गं बाई!”

कासाबाई हे शेळीच्या कानात पुटपुटत होती. पण कासाबाईचं पुटपुटणं म्हणजे गंगेच्या पलीकडच्या काठावरच्या माणसानं “काय म्हणालात?” असं विचारावं, इतपत हळू! पत्र्याच्या अलीकडे चुलीपुढे बसलेली तिची सून शिवकन्या, तिला ते ऐकू न यायला ती काय बहिरी होती?

एरवी शिवकन्येनं भाकरी जरा जास्तच जोरात थापून उत्तर दिलं असतं. आज ती चक्क हसली.

“आत्याबाई, इचारते म्हणूनच तर उद्या मोठ्या मॅडम गावात यायल्यात! तीन वर्षांचा निधी हाय. आन तो मंजूर होणार माझ्या वहीवर! सात महिने झाले, एक आकडा इकडचा तिकडं न्हाई. तुमी बघाच!”

“बघते की,” कासाबाई शेळीलाच म्हणाली. “दोराला तिसरी गाठ मारलीय म्या. त्ये बी लिव्हलं का वहीत?”

नांदखेडी हे गाव गंगाखेडपासून तासाभरावर, अगदी गोदावरीच्या कुशीत. इकडे तिला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. काठाचा पाचशे मीटरचा पट्टा सरकारनं राखीव केलेला आहे. तिथे बोर पाडायचा नाही, मोटर टाकायची नाही. तसा मोठा निळा बोर्डही आहे. ह्याच पट्ट्यात गावाची जुनी दगडी विहीर आहे. प्यायचं पाणी तिचंच. आणि गेली तीन वर्षं तिचं पाणी खाली-खाली चाललेलं. दरवर्षी दोर कमी पडतो, दरवर्षी एक जुना दोर शोधून गाठ मारायची.

नदी विहिरीला पाणी देते, की विहीर नदीला? जमिनीच्या पोटात कोण कुणाचं पाणी पितं? हे शोधायला परभणीच्या कॉलेजातले धम्मानंद सर आले. मूळचे जिंतूरचे. स्वभावानं इतके गोड की शेळीनं त्यांचा नकाशा खाल्ला तर म्हणाले, “असू द्या, तिलाही भूगोल कळेल.” पहिल्या वर्षाला त्यांच्याकडे जुजबी पैसा होता, त्यात एक टेप आणि एक छापील वही आली. खरं काम पुढच्या तीन वर्षांचं, आणि त्याचा निधी द्यायचा की नाही हे ठरवणार मुंबईच्या अर्पिता मॅडम.

मापं घ्यायला माणूस हवं होतं. शिवकन्येचं घर विहिरीला सर्वांत जवळ आणि शिक्षण सातवी पास. झाली नेमणूक! टेप विहिरीत सोडायचा, टोकाला पाणी लागलं की तो टी-टी वाजायचा. पहिल्या दिवशी त्या आवाजानं शेळ्या उधळून थेट शाळेत शिरल्या. पुढे सवय झाली.

वहीत तारीख, वेळ, काठापासून पाणी किती खोल, आणि शेवटी बोटाएवढा अरुंद रकाना: शेरा. “ताई, जे जाणवेल ते लिहा,” सर म्हणाले होते. शिवकन्येला जे जाणवलं ते तिनं लिहिलं. शेतीची लाईट आली की लिहायची ‘ला. आ.’ आणि गेली की ‘ला. गे.’ अख्खा शब्द मावायला त्या रकान्यात जागा कुठे होती?

लाईट आलेली तिला कशी कळायची? सोपं होतं. गोठ्याखाली घुर्र झालं, की शेळ्या दचकून उठायच्या. आता गोठ्याखाली घुर्र काय करतं, ते विचारू नका. नांदखेडीत कुणीच कुणाला विचारत नव्हतं. कडब्याच्या गंजीखाली घुर्र व्हायचं, न्हाणीच्या फरशीखाली घुर्र व्हायचं. सरपंच चंद्रभानचं घुर्र तर त्या निळ्या बोर्डाच्याच मागे होतं. बोर्डाची सावली स्टार्टरच्या पेटीला बरोबर पुरायची! आणि ह्याच चंद्रभाननं ग्रामपंचायतीच्या कागदावर शिक्का मारून सरांना लिहून दिलं होतं, की राखीव पट्ट्यात एकही बोर नाही.

असं सगळं सुखात चाललेलं असताना, महिन्यापूर्वी एका दुपारी सर मोटरसायकल स्टँडवर न लावताच उडी मारून उतरले. गाडी आडवी, सर उभे!

“शिवकन्याताई! लाट! तुमच्या विहिरीत लाट आहे!”

“काय हाय?”

“ला. आ., लाट आली! ला. गे., लाट गेली! तुम्ही सहा महिने लिहिताय आणि मला गाढवाला परवा कळलं! ठरल्या वेळी पाणी दीड मीटर खाली जातं, आठ तासांनी परत चढायला लागतं. समुद्र कुठे, परभणी जिल्हा कुठे, आणि विहिरीत भरती-ओहोटी!”

“पण सर, ‘ला’ म्हंजी...”

“थांबा, ऐका! एक आठवडा हे दिवसा होतं, एक आठवडा रात्री. दर आठवड्याला वेळ उलटी! कशामुळे?”

कशामुळे ते नांदखेडीतलं पाळण्यातलं लेकरूसुद्धा सांगेल. वीजवाले शेतीची लाईट एक आठवडा दिवसा सोडतात, एक आठवडा रात्री.

“चंद्र!” सरांनी आभाळाकडे बोट केलं. आभाळात त्या वेळी फक्त एक घार होती.

एव्हाना गाव जमलं होतं. लाट आल्यावर पाणी खाली कसं जाईल, ही शंका सरांना स्वतःलाच आली आणि उत्तरही त्यांनीच दिलं. “मोठी लाट यायच्या आधी समुद्र मागे सरतो ना, तसं!” ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, ते सगळे “व्हय, व्हय” करून माना हलवू लागले.

“मोटरींमुळे होतंय का, हेही मी तपासलं,” सर म्हणाले. “पण सरपंचांचं पत्रच आहे. एकही मोटर नाही!”

चंद्रभानला ठसका लागला. तो आवरून तो म्हणाला, “बिलकुल न्हाई, सर! आन ही लाट तर आमच्या आज्याच्या काळापासून हाय!”

शिवकन्येनं पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात सरांनी पिशवीतून अहवालाचा पहिला कागद काढून तिच्या हातात दिला. त्यावर छापलं होतं: ‘निरीक्षण: शिवकन्या बिरदेव, नांदखेडी.’ तिनं अक्षरावर बोट ठेवून वाचलं. आजवर तिचं नाव एकदाच छापून आलं होतं, लग्नाच्या पत्रिकेत. तेही ‘शिवकांता’ म्हणून. घशापर्यंत आलेली लाईट तिथूनच मागे सरली.

मग गावाला जो जोर चढला म्हणता! विहिरीला रंग लागला. कट्ट्यावर नारळ फुटू लागले. गीताबाईनं आपल्या हॉटेलवर ‘लाट टी हाऊस’ अशी पाटी लावली. राणीसावरगावहून पाहुणे रिक्षा करून लाट बघायला आले आणि नेमकी त्या आठवड्यात लाईट रात्रीची, तर दिवसभर विहिरीत डोकावून, “लय शांत लाट हाय बरं का!” असं म्हणत परत गेले. एकाचा खोकलाही गेला म्हणे!

घरी शिवकन्येच्या नवऱ्यानं, बिरदेवानं, तिला बजावलं, “तू त्वांड उघडलंस, तर पयला आपलाच बोर बुजवतेल. शेळ्यांना पाणी कुठून पाजू? तुझ्या वहीतून?”

“आन माझ्या नावावर खोटं छापून गेलं तर?”

“खोटं कुठं हाय? तू ‘ला’च लिव्हलंस. पुढचं सर बोलले!”

वकिलानंही हात जोडावेत असा हा मुद्दा! पण त्या दिवसापासून विहिरीवर पाणी ओढताना शिवकन्येच्या हाताला ती तिसरी गाठ लागली, की तिच्या मनात यायचं, पाणी कुठे जातं ते शोधायला माणूस दारात आलाय, आणि आपण त्याला चंद्र दाखवतोय!

तर मॅडम येण्याचा दिवस उजाडला. लाईटचा आठवडा दिवसाचा होता, सकाळी साडेआठ ते साडेचार. मॅडम आठला येऊन लाट पाहणार होत्या. पण त्यांची गाडी गंगाखेडच्या बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकली. सरांचा फोन आला, “बारा वाजतील!”

चंद्रभाननं बैठक घेतली.

“साडेआठला मोटरी सुरू केल्या, तर मॅडम येईस्तोवर लाट शिळी होईल! रोजच्यासारखं आर्धे सकाळी, आर्धे दुपारी, असं आज न्हाई चालायचं. समद्यांनी थांबायचं. मी टोपी काढली, की एकवीसच्या एकवीस एकदम चालू! आज मोठी लाट पायजे. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय!”

शिवकन्या तिथे उभी राहून ऐकत होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, “मंग माझ्या वहीत आज काय लिहू?”

“लिही की नेहमीचंच!” चंद्रभान म्हणाला.

बाराला गाडी आली. आधी सर, मग अर्पिता मॅडम उतरल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात साधे बूट. हार-तुरे बाजूला सारून त्या थेट विहिरीवर गेल्या. चंद्रभान मागोमाग धावला. मार्चचं ऊन, त्यात हा घाबरलेला. डोक्यावरून घामाच्या धारा लागल्या. आणि घाम पुसायला त्यानं टोपी काढली!

झालं! टेप अजून पिशवीतच, आणि तिकडे एकवीस ठिकाणी घुर्र!

“टेप सोडा! टेप सोडा!” सर ओरडले. शिवकन्येनं टेप सोडला. टी-टी! सव्वासात मीटर. टी-टी! साडेसात. टी-टी! पावणेआठ!

“अहो, ही तर डोळ्यांदेखत उतरतेय!” मॅडम कठड्यावर वाकल्या. “विलक्षण! मी जन्मात असं पाहिलं नाही!”

“आठ! साडेआठ!” सरांच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या. अख्खं गाव विहिरीवर ओणवं झालं. इतकं पाणी कधीच उतरलं नव्हतं. तळाचा गाळ दिसू लागला, आणि गाळात वर्षानुवर्षं बुडालेल्या बादल्या!

“ती माझी!” गीताबाई किंचाळली.

“आन ती पितळेची कळशी माझी!” कासाबाई म्हणाली. “बिरदेवाच्या लग्नात बुडाली व्हती. म्या उगंच इतकी वर्सं जावेवर आळ घेतला!”

“नऊ मीटर!” सर ओरडले, आणि त्याच क्षणी...

धडाम!

गावाच्या डोक्यावर आभाळ फुटल्यासारखा आवाज झाला. नदीवरचे बगळे उडाले, शेळ्या पुन्हा शाळेत शिरल्या. पिंपळामागच्या ट्रान्सफॉर्मरमधून काळ्या धुराचा लोट निघाला.

“हे काय झालं?” मॅडमनी विचारलं.

“लग्न हाय!” चंद्रभान म्हणाला.

“बारसं हाय!” त्याच दमात पंडित म्हणाला. हा ग्रामपंचायतीचा शिपाई.

“रेल्वे!” गीताबाई म्हणाली. नांदखेडीला रेल्वे नाही.

तेवढ्यात गोठ्याकडून बिरदेव धावत आला. तोंड काळं, भुवया करपलेल्या. “मोटर जळ...” एवढं तो बोलला आणि त्याला मॅडम दिसल्या. “मोट... मोठी! मोठी लाट आली, मॅडम!”

इकडे विहिरीच्या कडांतून झुळझुळ सुरू झाली. पाणी हळूहळू वर येऊ लागलं. बादल्या एकेक करून पुन्हा बुडाल्या, आणि बायकांनी हळहळून “गेली गं!” केलं.

“लाट गेली! ला. गे.!” सरांनी कठड्याभोवती गिरकीच घेतली. लेकरू यात्रेत घेतं तशी.

 मॅडमनी मात्र धुराकडे पाहिलं, बिरदेवाच्या भुवयांकडे पाहिलं, मग शिवकन्येची वही मागून घेतली आणि सावकाश पानं उलटली.

“हे अक्षर तुमचं?”

“व्हय.”

“मी पुष्कळ वह्या पाहते, ताई. बऱ्याचशा एकाच दिवशी बसून एकाच पेनानं भरलेल्या असतात. ही तशी नाही. इथे पावसाचे थेंब पडलेत, इथे हळदीचं बोट उमटलंय. निधी द्यायचा तर असल्या वहीला द्यायचा.” त्यांनी आपलं पेन पुढे केलं. “आजचं माप लिहा. आणि शेराही.”

शिवकन्येनं माप लिहिलं. मग हात त्या अरुंद रकान्यावर येऊन थांबला.

 धम्मानंद सर हसऱ्या चेहऱ्यानं बघत होते, जगातले सगळ्यात भाबडे दोन डोळे घेऊन. चंद्रभान मागून कुजबुजला, “लिही गं माय, ला. गे. खोटं थोडंच हाय?” बिरदेव करपलेल्या भुवया उंचावून नाही-नाही करत होता. आणि कठड्यापाशी कासाबाई पोहरा ओढत होती. एक गाठ आली, दुसरी आली, तिसरी आली, आणि वर आला तो नुसता गढूळ गाळ. म्हातारीनं तो सुनेसमोर ओतला. आणि रिकामा पोहरा पुन्हा विहिरीत सोडला. 

शिवकन्येनं पेन टेकवलं. आज तिनं शब्द तोडला नाही. रकाना संपला, समास संपला, अक्षरं वहीच्या कडेला जाऊन भिडली. तिनं वही मॅडमच्या हातात दिली आणि वळली ती सरांकडे.

“सर, तुमी लय मायेनं वाचलंत. आकडे समदे खरे हायत, लाट तेवढी खोटी हाय. ‘ला’ म्हंजी लाईट. शेतीची लाईट आली, की ह्या पट्ट्यातल्या एकवीस मोटरी हिरीचं पाणी वढतेत. मोजायच्या असतील, तर पयली आमच्याच गोठ्यात हाय. शेळ्या तेवढ्या शाळंतून यिऊ द्या, म्हंजी जागा दाखवतेत.”