सोमवारी राक्षस, गुरुवारी सून

आमच्या शेजारच्या घरात राहतो एक माणूस आणि भांडतात नऊ जण. हे कोडं सुटायला मला तीन महिने लागले.

झालं असं, की सोनगीरला आमच्या आणि भिकनच्या घरांमध्ये भिंत एकच. आई वारल्यावर तो धुळ्याला खोली घेऊन राहिला होता, दोन वर्षांनी परत आला. आला तसे दुपारी भिंतीतून आवाज यायला लागले. सून मुसमुसते आहे, सासू डाळीतल्या मिठावरून तिला फैलावर घेते आहे, मध्येच कुणी म्हातारा खोकतो आहे. मी मनाशी म्हटलं, चाळिशी उलटलेल्या पोरानं शेवटी गुपचूप लग्न उरकलं वाटतं! सासू कुठून आली, ते मात्र कळेना. त्याची आई तर गेलेली. मग म्हटलं, बायकोची आई राहायला आली असेल, आजकाल चालतं.

एका गुरुवारी ताटात नारळ, खण, हळदीकुंकू घेतलं आणि नवी नवरी बघायला गेले. दार उघडलं भिकननं. खांद्यापर्यंत केस, अंगावर गोधडी, घामानं निथळलेला, हातात कागद.

"सून कुठे आहे रे?" मी विचारलं.

तो लाजला, मान खाली घातली, आणि अगदी नाजूक आवाजात म्हणाला, "इथंच आहे हो, अक्का."

मी ताटासकट चौकटीला टेकले. तेवढ्यात त्याच तोंडातून सासू कडाडली, "उभी काय राहिलीस? पाया पड!" आणि तो वाकून खरंच पाया पडला. नारळ त्यानं तिथंच फोडून खाल्ला. खण मी परत आणला.

तर असा हा भिकन. आवाजाचं काम करतो. म्हणजे नक्की काय करतो, हे आमच्या नानांना, म्हणजे आमच्या मालकांना, अजून पटवून देता आलेलं नाही. सुरुवातीला तो रिक्षाला भोंगा बांधून फिरायचा. आठवडे बाजार, चपलांचा सेल, हरवलेली गाय, कुणाची अंत्ययात्रा, सगळं त्याच्याच तोंडून. मग मोबाईलवर अहिराणी व्हिडिओंचं पीक आलं आणि त्याला बरे दिवस आले. चित्रं कुणाचीही असोत, आवाज भिकनचे. गुरांच्या ढेपेच्या एका जाहिरातीत म्हैस बोलते ना, ती पण भिकनच. ती जाहिरात पाठवण्याआधी त्यानं आमच्या गोठ्यात येऊन आमच्या म्हशीला ऐकवली होती. तिनं कान हलवले, मग म्हणाला, "पास!"

गोधडी कशाला, ते नंतर कळलं. आमचं गाव हायवेवर. ट्रकचे भोंगे, तांबटांची ठोकठोक, कुत्री. आवाज टिपायचा तर शांतता पाहिजे, म्हणून बिचारा भर दुपारी गोधडीत शिरून बोलायचा. मला दया आली. आमच्या मागच्या खोलीत दिवाळीपासून आढ्यापर्यंत कापूस भरलेला असतो, नाना भाव चढायची वाट बघत बसतात. मी म्हटलं, तिथं बसून बघ. तो आत शिरला, कापसात बसण्यापुरती गुहा केली आणि आतूनच ओरडला, "अक्का, मुंबईले बी असा स्टुडिओ नही!" खरंच सांगते, त्या खोलीत बोललेला शब्द तिथल्या तिथं विरतो, भिंतीवर आपटून माघारी येत नाही.

एकच वांधा. घरात महिनोन्महिने ठेवलेल्या कापसाची अंगाला खाज सुटते. राक्षस आतून गरजायचा, "तुझे तुकडे करीन!" आणि पाठोपाठ खर्र खर्र पाठ खाजवल्याचा आवाज. मग तो पायमोजे, कानटोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसायला लागला. वैशाखात.

नानांनी कापूस विकायचं नाव काढलं की भिकनचा स्टुडिओ धोक्यात. एकदा नानांना फोन आला, शिरपूरच्या शेठजींचा. "नानाजी, अभी मत बेचना. थोडा रुको, भाव चढेगा." नाना एकदम सावरून बसले, हो शेठ, बरं शेठ करायला लागले. इतक्यात शेठजींना शिंक आली. ती शिंक फोनमधून आली आणि भिंतीपलीकडूनही आली. नानांनी फोन ठेवला आणि भिंतीला तोंड लावून म्हणाले, "शेठ, हळद घालून दूध पी आणि झोप."

आता त्याच्या गळ्याचं वेळापत्रक सांगते, ते मला पाठ आहे. दर रविवारी धुळ्याला त्याचा बँड असतो. बँड म्हणजे लग्नातला नव्हे. रॉक. नाव आहे 'बठ्ठा धिंगाणा', म्हणजे सगळा धिंगाणाच. ड्रम वाजवणाऱ्याचं पंक्चरचं दुकान आहे, दुसरा एक कापडदुकानातून वडिलांची नजर चुकवून येतो, आणि पुढे उभा राहून गिटार वाजवत केकाटतो तो आमचा भिकन. मी एकदा गेले होते बघायला. त्यानं डोळे मिटून जी किंकाळी फोडली, मी खुर्चीवरून अर्धी उठले. वाटलं, पोराला काही चावलं.

"हे रॉक म्हणजे काय रे?" मी परत येताना विचारलं.

"पोटमा शे ते बठ्ठं बाहेर काढनं, अक्का."

"मग ओवा खा की."

पण कानबाई देवीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर उभं राहून त्यानं गिटार वाजवली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या साऱ्या बाया नाचल्या. मीही. गुडघे आठवडाभर बोलत होते.

तर रविवारी केकाटल्यावर सोमवारी गळा पार फाटलेला. त्या दिवशी तो राक्षस, डाकू आणि बैल करतो. मंगळवारी फौजदार आणि पुढारी. बुधवारी गळा जरा माणसात आला की मास्तर, डॉक्टर आणि बियाण्यांच्या जाहिराती. गुरुवारी गळा लोण्यासारखा, तेव्हा सुना, सासवा, पोपट. शुक्रवारी मौन. काही विचारलं तर गळ्याला हात लावून खुणेनं सांगतो, आज याला सुट्टी आहे. लोक वार बघून उपास करतात, आमच्याकडे वार बघून राक्षस येतो.

त्याचा लाडका शब्द 'नमुना'. मनानं आवाज काढायचा नाही, आधी खरा माणूस ऐकायचा, अशी त्याची शिस्त. बाजारात दोन भाजीवाल्या हमरीतुमरीवर आल्या, लोक सोडवायला धावले, आणि हा खिशातलं आवाज टिपायचं यंत्र काढून म्हणतो, "मावशी, ती शेवटली शिवी परत एकदाव द्या ना." दोघींनी भांडण सोडून त्याला धुतला. तो खूश. दोन नमुने एका खेपेत.

हे असं मजेत चाललं होतं आणि मुंबईच्या एका कंपनीचा फोन आला. लहान मुलांच्या कार्टूनच्या गोष्टी अहिराणीत करायच्या होत्या, वर्षभराचं काम. त्यांना सगळे आवाज एकाच माणसाचे हवे होते. भिकननं कावळा पाठवला, पसंत. राक्षस पाठवला, पसंत. आजी, पोपट, सावकार, सगळे पसंत. राहिला एक. गोष्टीतल्या पोराचा बाप. आणि तोच प्रत्येक गोष्टीत. नमुन्याला दिलेलं वाक्य एवढंसंच होतं. पोरगं हरवतं, बापाला सापडतं, आणि 'कुठे होतास' हे बाप अहिराणीत विचारतो, "कथा व्हता रे इतला येळ? चाल, घर चाल."

भिकननं तो बाप सोमवारी केला. मी कापसाच्या खोलीबाहेर लसूण सोलत बसले होते. म्हटलं, "हा पोराला घरी नेत नाहीये, खाणार आहे." मंगळवारी केला, तो बाप पोराला कोठडीत घालायला निघालेला. बुधवारचा बाप हजेरी घेत होता. गुरुवारचा इतका गोड, की मी म्हटलं, "अरे, ही मावशी झाली." तरी त्यानं त्यातला एक पाठवला. कंपनीचं उत्तर आलं, बाप परका वाटतो. दुसरा पाठवला, तेच उत्तर. मग त्यांनी सांगितलं, पुढच्या शनिवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर सगळंच काम जळगावच्या एकाला देऊ. कावळा, राक्षस, आजी, सगळं.

भिकन कानटोपी काढून पायरीवर बसला. मी चहा दिला.

"म्हैस जमस, अक्का. पोपट जमस. हाऊच काबर नही जमत?"

"होईल रे."

"मन्हाकडे नमुनाच नही ना."

हसत म्हणाला. त्याचा बाप तो आईच्या पोटात असतानाच गेला, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. आईनं कापसाच्या जिनिंग कारखान्यात मजुरी करून वाढवला. तो स्वतः कधी हा विषय काढत नाही, आपणही काढत नाही. त्या दिवशी त्यानं काढला, तोही कामाची अडचण म्हणून.

मग तो नमुना शोधायला निघाला. एसटी स्टँडवर बसला. म्हणाला, तिथले बाप पोराशी बोलत नाहीत, सामान मोजतात. दवाखान्याबाहेर उभा राहिला. म्हणाला, तिथले बाप घाबरलेले. शेवटी बुधवारी सकाळी मोटरसायकल काढून धुळ्याला गेला आणि एका शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. शाळा सुटायची वेळ, बाप पोरांना न्यायला आलेले, आणि खांद्यापर्यंत केसांचा एक अनोळखी माणूस हातात चालू यंत्र धरून लहान पोरांच्या घोळक्याकडे टक लावून बघतोय. कुणाला संशय येणार नाही? रखवालदारानं धरून ठेवला. पालक जमले, कुणीतरी म्हणालं पोलीस बोलवा. भिकनला घाबरल्यावर आवाजच फुटेना. इतके आवाज पोटात, आणि ऐन वेळी एक कामाला येईना. त्यानं रखवालदारापुढे मोबाईल धरला आणि नानांच्या नंबरावर बोट ठेवलं.

नाना जेवायला बसले होते. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा पहिला घास मोडलेला. फोन ऐकला आणि ताटावरून उठले. "ह्या पोराचं काही खरं नाही," एवढं पुटपुटले आणि गाडीला किक मारली. ऊन मी म्हणत होतं. दोन तासांनी दोघं परत आले. पुढे नाना, मागे मान खाली घातलेला भिकन.

"काय झालं हो?"

"काही नाही. ओळख सांगितली, सोडलं. भाकर गरम कर, त्यालाही वाढ."

दोघं जेवायला बसले. ठेचा वाढताना पाहिलं, तर पोराचे डोळे लाल. म्हटलं, उन्हानं.

शनिवारी कापूस न्यायला टेम्पो यायचा होता. नानांनीच ठरवलेला. सकाळी दारात येऊन उभा राहिला. भिकन तेव्हा आत होता. नाना बाहेर गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आज नको. भाव पडलाय." भाव तर चांगला होता. टेम्पोवाल्यालाही ते माहीत होतं.

आणि मग खोलीतून बाप आला. मी लसूण खाली ठेवला. हा बाप गोड नव्हता. चिडलेला होता, उन्हातून आलेला होता, भुकेला होता. "कथा व्हता रे इतला येळ?" आवाज असा, की आता पाठीत धपाटा बसणार. आणि लगेच, जरा खाली येऊन, "चाल, घर चाल." धपाटा बसला नाही. हात खांद्यावर पडला, एवढं दिसलं मला. त्यानं पुन्हा म्हणून बघितलं नाही. तोच पाठवला.

काम मिळालं. कार्टून मोबाईलवर येतं आता. नानांनी पहिला भाग चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "बाकी बरं आहे, पण हा बाप फार कुरकुर करतो." मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेले.

नमुना कुठून मिळाला, हे मी विचारलं नाही. परवा आपोआप कळलं. ताक द्यायला मागच्या खोलीत गेले, दार अर्धवट होतं. भिकन गुहेत पाठमोरा बसलेला, कामाआधी यंत्र लावून ऐकत होता. आतून नानांचा आवाज येत होता, धापा टाकत, खेकसत, कुणावर तरी ओरडत: "आमना पोऱ्या शे तो!" तेवढंच. मागे रखवालदार नाही, लोक नाहीत, रस्ता नाही. बाकी सगळं त्यानं कापून टाकलं होतं. परत लावलं. परत तेच. तिसऱ्यांदा त्यानं मान मागे कापसावर टेकली.

मग त्याला मी दिसले. झटकन बंद केलं. खाज आल्यासारखं डोळ्याशी खाजवलं.

"यंत्र तपासी राहिंतू, अक्का," म्हणाला. "रोज काम सुरू कराना पहिले तपासनं पडस."

"तपास ना बाबा," मी म्हटलं. ताक उंबऱ्यावर ठेवलं आणि दार ओढून घेतलं.