धुक्याला भिणारे थोरातकाका

थोरातकाकांच्या फाटकाशी ब्लीचच्या पाण्याची बादली असते. तिच्यात बूट बुडवल्याशिवाय कोणालाही आत प्रवेश नाही. पोस्टमन सुटला नाही, आमचे सिडनीच्या टूनगॅबी भागातले पाहुणे सुटले नाहीत. "सॉरी मेट, सॉइल," एवढंच काका म्हणतात, म्हणजे बुटांची परकी माती आत नको.

काका मूळचे मंचरकडचे. इथे ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला इंजिनिअर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होऊन वर डोंगरावर, रॉबर्टसनला राहायला आले. आम्ही त्यांचे शेजारी. आमच्या दोघांच्याही परसाला लागून जो नावाच्या म्हाताऱ्याचं बटाट्याचं शेत आहे. काकांना गावाबद्दल विचारायची खोटी. "ज्वालामुखीची लाल माती, ढेकूळ हातात घेतलं की चुरा. समुद्रावरचे ढग थेट वर चढतात, म्हणून उन्हाळाही गार. जोच्या पणजोबाने जंगल तोडलं आणि खुंटांच्या मधे बटाटा लावला. या गारठ्यात दुसरं काय धड आलं असतं? पण माती देते आणि धुकं नेतं."

हे शेवटचं वाक्य दिवसातून कितीदा तरी ऐकावं लागतं. खिडकीबाहेर पांढरं दिसू लागलं की काकांचा घास हातातच राहतो. धुक्याबरोबर करपा येतो, पानं काळी पडतात आणि बघता बघता अख्खं शेत सडतं.

यंदा माझी आई पुण्याहून आली. हॅरिस पार्कच्या देशी दुकानातून आणलेल्या बटाट्यांना कोंब फुटले, तेव्हा टाकायचे कसे म्हणून तिने ते जोच्या कुंपणालगत पुरले. पाला वर आल्यावर काकांनी पाहिला आणि ते पांढरेफटक पडले.

"ताई, हे तपासलेलं बेणं नाही. बाजारचा बटाटा आहे. यात रोग असला तर पलीकडे जायला एक धुकं पुरे."

"चार बटाट्यांचं काय एवढं?" आई म्हणाली.

काकांनी गुडघे टेकून प्रत्येक रोप उपटलं, माती चाळली आणि सगळं काळ्या पिशवीत बांधलं. आई फुगून बसली. पण एका पानावर डाग होता, हे तिनेच नंतर मला हळूच सांगितलं.

त्या आठवड्यात धुकं हललंच नाही. काका रोज कुंपणावरून वाकून जोच्या शेतातली पानं उलटी करून बघायचे. आता माझीही नजर सारखी त्या पानांकडे जायची. डाग निघाला तर जोला काय तोंड दाखवणार?

शेवटी आईच चहा घेऊन गेली. "या शेतात तुमचा वाटा किती हो, थोरात?"

"माझा? काहीच नाही. माझ्या परसात कोथिंबीरसुद्धा नाही."

"मग एवढं भिता कशाला?"

काकांनी कप कुंपणाच्या खांबावर ठेवला. "आमची ही गेली, तेव्हापासून जो रोज सकाळी कुंपणाशी थांबतो. मॉर्निंग म्हणतो, बस. दिवसभरात माझ्याशी आपणहून तेवढंच कोणी बोलतं. पीक गेलं तर तो शेत विकून मुलीकडे जाईल, ताई."

दुसऱ्या सकाळी धुक्यात कुंपणाशी दोघं वाकलेली दिसली. आई एकेक पान उलटून सांगत होती, "हेही चांगलं आहे हो, थोरात." आणि तेच पान पुन्हा उलटून बघत होती.