डाव्या पायाचा हीटर

एप्रिलच्या उन्हात गाडीचा हीटर लावून फिरणारा माणूस पाहिला नसेल, तर आमच्या शेजारच्या बापूंना पाहा. घामानं निथळतील, पण हीटर चालू. त्यातही स्वतःच्या बाजूच्या जाळीत फडकं कोंबलेलं, म्हणजे सगळी गरम हवा शेजारी बसलेल्या काकूंच्या पायाशी. का, म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर, "पावणं, समजत न्हाय तितं गप ऱ्हावा की!" इतक्या वर्षांचा शेजार, तरी मी आपला पावणाच.

परवा त्या जुन्या गाडीत हीटरच्या पाइपचा जोड गळायला लागला. काकूंच्या पायाखालचं मॅट चिंब. गॅरेजवाला म्हणाला, "हीटर कट करू, दोन्ही पाइप एकमेकांस्नी जोडू. हितं कुणाला लागतोय हीटर?" मला तर पटलं. पण बापू असे भडकले, की त्यानं पाना खालीच ठेवला.

मग काय, नवा पाइप आणून बापूंनी मलाच राबवलं. "पावणं, आदी हीटरला गरम पाणी नेणारा कॉक बंद करा." केला. "क्लिप आवळा." आवळली. हा सगळा खटाटोप कशासाठी, काही केल्या कळेना.

रविवारी चाचणीला पन्हाळा. पुढं काकू, मागं मी. लकवा झाल्यापासून काकूंच्या डाव्या पायाला काहीच कळत नाही. दर वळणाला बापू विचारायचे, "गरम लागतंय काय गं?"

"लागतंय की! जरा कमी करा."

"बघा पावणं! डाक्टर म्हणत हुता, पाय गेला. हीटरनं जागा व्हतोय!"

अच्छा, म्हणजे हे असं होतं तर!

गडावर बापू गाडी चालू ठेवूनच चहा आणायला उतरले. मी सहज पुढं वाकून जाळीसमोर हात धरला. गार वारं! कॉक उघडायचा दोघंही विसरलो होतो.

"काकू, अहो, हे तर गार आहे..."

"ठावं हाय मला. उजवा पाय शाना हाय की माजा."

"मग लागतंय का म्हणालात?"

"न्हाय म्हटलं की त्येंच्या तोंडाकडं बघवत न्हाय हो. बोलू नका त्येंस्नी."

गुपचूप बॉनेट उघडून कॉक फिरवला.

गड उतरताना गरम झोत सुटला. बापूंनी विचारलं, "लागतंय काय गं?"

"लागतंय की," म्हणत काकूंनी उजवा पाय पटकन मागं घेतला. डावा तिथंच राहिला.